हाफ क्लच मॅडम गाडी बघायला जातात

शहराच्या त्या भागात गाडी चालवणारी कुठलीही दोन माणसं घ्या, त्यातल्या एकाला मॅडमनी शिकवलेलं असायचं. तोंडावर सगळे त्यांना मॅडम म्हणत आणि पाठीमागे हाफ क्लच. हे नाव त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं, पण तसं त्या दाखवत नसत. "हाफ क्लच... हाफ म्हणतेय मी, सगळा नका सोडू... सोडलात ना? बंद पडली गाडी!" हे त्या दिवसातून इतक्या वेळा म्हणत की झोपेतसुद्धा त्यांचा डावा पाय पांघरुणाखाली हलतो, असं त्यांचे यजमान सांगत. यजमान चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करत आणि सायकलने येत-जात. बायकोकडून गाडी शिकायची नाही, एवढी दूरदृष्टी त्यांना चष्म्याशिवायच होती.

मॅडमची शाळा म्हणजे झेरॉक्सचं दुकान आणि चपलांचं दुकान यांच्यामध्ये अडकलेली एक अरुंद खोली. एक टेबल, रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि भिंतीला ठोकलेलं एक जुनं स्टेअरिंग. नवीन आलेल्या माणसाला सुरुवातीचे दिवस त्या भिंतीसमोर स्टुलावर बसून ते स्टेअरिंग फिरवावं लागे, आणि चपला घ्यायला आलेली गिऱ्हाइकं दारातून बघत जात. "लाज इथेच संपवायची, रस्त्यावर न्यायची नाही," असं मॅडमचं म्हणणं होतं.

बाहेर उभी असायची शाळेची गाडी. तिची ड्रायव्हरची सीट असंख्य लोकांनी बसबसून परातीसारखी सपाट केलेली, आणि शेजारची सीट मात्र एकट्या मॅडमच्या मापाची. त्या सीटपुढे मॅडमसाठी वेगळा ब्रेक आणि वेगळा क्लच होता. या दोन पेडलांच्या जोरावर त्यांनी उभी हयात काढली होती. घरची कामंसुद्धा त्यांच्यावरच उरकली होती. "आज आपण गर्दी शिकू," असं त्या म्हणाल्या की शिकणाऱ्याने ओळखावं, मॅडमना भाजी आणायचीय. "आज चढ" म्हणजे टेकडीवर राहणाऱ्या बहिणीकडे जायचंय. तिथे मॅडम आत जाऊन निवांत चहा पिऊन येईपर्यंत शिकाऊ माणूस चढावर हँडब्रेक ओढून बसलेला असे. "उभी गाडी सांभाळणं हीसुद्धा एक कला आहे," असं त्या परत आल्यावर सांगत. तक्रार कुणी करत नसे, कारण मॅडमच्या हाताखालून गेलेला माणूस परीक्षेत सहसा नापास होत नसे.

सहसा म्हणायचं कारण काकू. काकूंचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं. सगळं गिऱ्हाईक त्यांना काकू म्हणे, म्हणून मैत्रिणीही काकूच म्हणत. त्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाल्या, कारण परीक्षक शेजारी बसून खोकायचे आणि काकू रस्त्याकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघत विचारायच्या, "खोकला कोरडा आहे की कफ पडतो?" शेवटी त्यांनी दुकानातली एक बाटली परीक्षकांना नेऊन दिली. खोकला थांबला, काकूंचं लक्ष रस्त्यावर राहिलं आणि त्या पास झाल्या. त्याच दिवशी मॅडमकडेच शिकलेली दातांची डॉक्टरीणही पास झाली. ही बाई दिवसभर लोकांच्या दाढा उपटायची, पण मागून ट्रकचा हॉर्न वाजला की डोळे मिटून घ्यायची. परवाने मिळाल्याच्या आनंदात दोघी मॅडमना घेऊन कॉफी प्यायला गेल्या, आणि तेव्हापासून ही मैत्री. तिघी रोज सकाळी फिरायला जात. रस्त्यावर त्या एकमेकींना अगं-तूगं करत, पण गाडीचं दार उघडून आत बसलं की दोघींच्या तोंडून आपोआप "मॅडम, तुम्ही" निघे. दार बंद, की अहो. दार उघडलं, की अगं.

शाळेच्या गाडीचा दुसरा गिअर टिकेना तेव्हा शहराबाहेरच्या मोठ्या सभागृहात नव्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. "तुझ्या गाडीला आता फक्त आराम सांगायचा," काकूंनी निदान केलं. "चल, नवीन बघून येऊ." डॉक्टरणीने आपली ऑटोमॅटिक गाडी काढली. मॅडम तिच्या शेजारी बसल्या आणि जाईपर्यंत पायाखालच्या चटईवर ब्रेक दाबत राहिल्या.

सभागृहात अंधार होता आणि प्रत्येक गाडीवर ऑपरेशनच्या टेबलावर असतो तसा झगझगीत प्रकाश. दारातच एक लांबलचक निळी गाडी फिरत्या चौथऱ्यावर गोल गोल फिरत होती. लोक फोटो काढत होते. मॅडम हाताची घडी घालून उभ्या राहिल्या, गाडी पूर्ण फिरून येईपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "इंडिकेटर दिला नाही."

तिथून पुढे तिघी एकेक गाडी परीक्षेला बसवल्यासारखी तपासत निघाल्या, पण प्रत्येकीचा विषय वेगळा. डॉक्टरीण गाडीच्या पुढे जाऊन कमरेत वाकायची. एका दणकट काळ्या गाडीची चकचकीत जाळी बघून तिने मान हलवली. "दात पुढे आहेत. लहानपणीच तार लावायला हवी होती." पुढच्या गाडीला जाळीच नव्हती. "आणि हिचे तर गेलेच सगळे. कवळी सांगा."

"मॅडम, ही इलेक्ट्रिक आहे," टाय लावलेला सेल्समन डॉक्टरणीला नम्रपणे म्हणाला. "हिला जाळीची गरज लागत नाही."

"सगळे असंच म्हणतात हो. चावता येईना झालं की मग येतात."

काकूंना गाडीच्या वेगात रस नव्हता. त्या कप्पे उघडत होत्या. दारातला, हाताखालचा, सीटमागचा. प्रत्येक कप्प्यात पर्समधली खोकल्याची बाटली उभी करून बघत होत्या आणि बाटली आडवी झाली की गाडी बाद करत होत्या. काचेवर चिकटवलेली माहिती त्यांनी चष्मा वर करून वाचली. "औषधासारखंच आहे गं," त्या म्हणाल्या. "फायदा मोठ्या अक्षरात आणि त्रास बारीक अक्षरात."

आणि मॅडम? मॅडम प्रत्येक गाडीत शेजारच्या सीटवर बसत होत्या. सेल्समन धावत येऊन ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरी, तोवर या पलीकडून वळसा घालून बसलेल्या असत. पाय लांब करून पुढे काही बसवायला जागा आहे का ते बघत, मान वळवून मागची काच बघत, आणि हात डावीकडून नेऊन स्टेअरिंग धरता येतंय का ते बघत.

"मॅडम, चालवायच्या सीटवर बसून बघा ना," एक जण म्हणाला.

"मी इथूनच चालवते."

त्याला काही उलगडा झाला नाही. थोडा वेळ विचार करून त्याने विचारलं, "मग साहेब येणार आहेत का चालवायला?"

"साहेबांची सायकल आहे," मॅडम म्हणाल्या आणि उतरल्या.

शेवटी एक लहानशी पिवळी गाडी तिघींनाही बरी वाटली. दात सरळ होते, बाटली उभी राहिली, आणि शेजारच्या सीटपुढे ऐसपैस जागा होती. मॅडम खाली वाकून ड्रायव्हरच्या बाजूची पेडलं बघू लागल्या. एकदा बघितली, पुन्हा बघितली. "क्लच कुठाय?"

"ऑटोमॅटिक आहे, मॅडम. क्लचवालीही मिळते, पण हल्ली क्लच मागतं कोण?" सेल्समन हसून म्हणाला. त्या बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं.

काकूंनी आणि डॉक्टरणीने एकमेकींकडे बघायचं कटाक्षाने टाळलं. मॅडम वाकलेल्याच राहिल्या. डॉक्टरणीची गाडी ऑटोमॅटिक होती हे त्यांना माहीत होतं, पण तो त्यांनी डॉक्टरणीचा एक स्वभावदोष म्हणून पोटात घातला होता. सगळं जगच तिकडे निघालंय हे आज पहिल्यांदा कुणीतरी असं हसत हसत सांगत होतं.

"नाव बदलावं लागणार गं," डॉक्टरीण शेवटी म्हणाली. "हाफ ब्रेक चालेल का?"

"अर्धी गोळी," काकू म्हणाल्या.

मॅडम ताठ झाल्या. "चालवून बघायची सोय आहे का?" त्यांनी सेल्समनला विचारलं.

सोय होती. सभागृहामागच्या मैदानात नारिंगी शंकू मांडून नागमोडी रस्ता केलेला होता. रांग होती. मॅडमचा बेत साधा होता: डॉक्टरीण चालवेल, आपण शेजारी बसून गाडी जोखू. पण डॉक्टरणीने परवाना गाडीतच ठेवला होता, आणि काकूंनी तर बाहेर निघताना नुसती औषधं घेतली होती. परवाना होता तो मॅडमच्या पर्समध्ये, प्लास्टिकच्या पाकिटात, कोरा करकरीत.

कंपनीची एक तरुणी हातात टॅबलेट घेऊन आली. मॅडम सवयीने शेजारच्या दाराशी गेल्या. तरुणीही त्याच दाराशी आली. दोघींचे हात एकाच वेळी दाराच्या मुठीवर पडले.

"मी इथे बसते," मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम, इथे मी बसते. नियम आहे."

नियम हा शब्द मॅडमनी आजवर दुसऱ्यांना सांगितलेला होता. त्या मुकाट्याने वळसा घालून गेल्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. काकू आणि डॉक्टरीण मागे चढल्या. मॅडमनी आरसा हलवला तर त्यात दोन चेहरे दिसले, शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे खुललेले. त्यांनी आरसा परत होता तसा केला.

तरुणीने सांगितलं तशी त्यांनी गाडी सुरू करून गिअर टाकला. ब्रेकवरचा पाय जरा सैल झाला, आणि गाडी आपणहून पुढे सरकली.

"मी काही केलं नाही!" मॅडम ओरडल्या.

हे वाक्य त्यांनी शेजारच्या सीटवर बसून हजारदा ऐकलं होतं. आपल्या तोंडून कसं ऐकू येतं हे त्यांना त्या क्षणी कळलं, पण त्यावर विचार करायला सवड नव्हती. डावा पाय वर्षानुवर्षांच्या सवयीने क्लच शोधत धावला, तिथे क्लच नव्हता, शेजारी रुंद ब्रेक होता, त्यावर तो सगळा भार टाकून बसला. गाडीने जागच्या जागी नमस्कार घातला. काकूंचा चष्मा मांडीवर पडला.

"मॅडम, हाफ!" डॉक्टरीण मागून म्हणाली.

"पायांकडे बघू नका, समोर बघा," काकू चष्मा शोधत म्हणाल्या.

मॅडमनी दात आवळून पुन्हा गाडी सोडली. पहिल्या वळणावर पुन्हा नमस्कार. दुसऱ्या वळणावर त्यांनी डावा पाय कसाबसा आवरला, पण तेवढ्यात हातांचं भान सुटलं, आणि एक शंकू गाडीखाली गेला. तो अडकला आणि घरघरत बरोबर येऊ लागला. रांगेतली माणसं पुढे सरकून बघायला लागली. त्यांत मॅडमचा एक जुना विद्यार्थी निघाला. "अरे, आपल्या मॅडम!" तो कौतुकाने शेजाऱ्यांना सांगू लागला. "मुद्दाम करताहेत. गाडी कशी चालवायची नाही ते दाखवताहेत. शिकवणं बघा!" दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

गाडी थांबली. तरुणीने काहीतरी टॅबलेटवर टिपलं आणि अगदी मायेने म्हणाली, "काही हरकत नाही. सगळ्यांचं होतं असं." मग जरा थांबून तिने विचारलं, "लायसन्स नुकतंच मिळालंय का?"

 मागच्या सीटवर काकूंना ठसका लागला, आणि तो ठसका कुठल्याच बाटलीने थांबण्यासारखा नव्हता. डॉक्टरीण तर तोंडावर ओढणी दाबून सीटवर आडवीच झाली.

परतीच्या वाटेवर मॅडम गप्प होत्या. सुरुवातीला मैत्रिणींना ती गंमतच वाटली. डॉक्टरणीने मुद्दाम इंडिकेटर न देता लेन बदलली. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. डॉक्टरणीने पुढच्या रिक्षाला अगदी चिकटवून गाडी नेली. तरी काही नाही. काकूंनी मागून डोकावून बघितलं तर मॅडमचे दोन्ही पाय चटईवर जुळवून ठेवलेले, शांत. तेव्हा मात्र दोघी घाबरल्या. त्यांनी रस्त्याकडेच्या एका कॉफीच्या टपरीपाशी गाडी उभी केली आणि तिघी बाकावर बसल्या.

"आम्ही जास्तच हसलो का गं?" काकूंनी विचारलं.

"नाही. मीही हसले असते."

"मग?"

मॅडमनी कॉफीचा कप नुसता हातात धरला होता. "शेवटची गाडी कधी चालवली, ते आठवतेय."

"रोज तर चालवतेस," डॉक्टरीण म्हणाली.

"एकटीने गं. त्या सीटवर बसून." मॅडम आठवू लागल्या. "मुलीचा हात मोडला होता ना, त्याचं प्लास्टर काढायला नेलं होतं तिला. तेव्हा."

काकूंनी बोटं मोजायला घेतली. मुलीचं प्लास्टर, मग तिचं कॉलेज, नोकरी, लग्न, आता तिचाच मुलगा शाळेत जातोय. मधेच काकूंनी बोटं मिटून घेतली.

"नेहमी चार पाय असतात गाडीत," मॅडम म्हणाल्या. "दोन शिकणाऱ्याचे, दोन माझे. चुकला तर मी असते. आज माझेच दोन होते. आणि ती पोरगी त्यांच्याकडे बघत होती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. काही हरकत नाही म्हणाली ना, तेव्हा मला रडू यायला लागलं."

डॉक्टरणीने आपलं बिस्कीट अर्धं मोडून मॅडमच्या बशीत ठेवलं. "रविवारी सकाळी तयार राहा," ती म्हणाली. "माझी गाडी, माझी शिकवणी. आणि भाजी आणायला जायचं नाही."

त्या रविवारी आणि पुढच्या बऱ्याच रविवारी स्टेडियमबाहेरच्या रिकाम्या पार्किंगमध्ये एक गाडी नमस्कार घालत फिरताना लोकांनी बघितली. डॉक्टरीण शेजारी बसायची, आणि तिची शिकवण्याची रीत तिच्या धंद्यातली होती. "आता थोडं टोचल्यासारखं वाटेल," असं म्हणून ती मॅडमना वळण घ्यायला लावायची. "दुखलं तर हात वर करा." पहिल्याच दिवशी मॅडमनी भर वळणावर दोन्ही हात वर केले, तेव्हा ही सूचना मागे घेण्यात आली. खरा इलाज काकूंनी काढला. दुकानातून एक रुंद बँडेज आणून त्यांनी मॅडमचा डावा घोटा करकचून बांधून टाकला. "हा पाय मुरगळलाय असं समज. पाय हलवायचा नाही. सकाळी दोन फेऱ्या, संध्याकाळी एक." बँडेज घालूनच मॅडम घरी आल्या, तेव्हा यजमानांनी काळजीने पायाला शेक दिला. मॅडमनी खरं काय ते सांगितलं नाही. शेक बरा वाटत होता.

महिन्याभरात बँडेज सुटलं. डावा पाय एका बाजूला शहाण्यासारखा बसायला शिकला. मॅडमना आता उलटं, सरळ, खांबांमधून सगळं जमू लागलं, फक्त चालवताना बोलायचं नाही ही डॉक्टरणीची अट पाळणं त्यांना अवघड जाई. कधी कधी त्या स्वतःलाच मोठ्याने रागावत, आणि डॉक्टरीण शेजारी बसून मान डोलवत राही.

पिवळी गाडी घ्यायचं ठरलं. जुनी, दुसरा गिअर दुरुस्त होऊन, क्लचसाठी राहिली, कारण क्लच मागणारे अजून अगदीच संपले नव्हते, हे मॅडमनी ज्याला-त्याला सांगून टाकलं. शोरूममध्ये तीच तरुणी भेटली. "तुम्ही त्या शंकूच्या..." एवढं बोलून ती थांबली. "हो, त्याच," मॅडम म्हणाल्या. "आणि शेजारच्या सीटपुढे मला एक जादा ब्रेक लावून हवा." तरुणीच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. पडला तेव्हा तिने मॅडमना स्वतः कॉफी आणून दिली.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी मैत्रिणी येतो म्हणाल्या होत्या, पण काकूंच्या दुकानात माल आला आणि डॉक्टरणीकडे एक अवघड दाढ आली. मॅडम एकट्याच निघाल्या. शेजारची सीट रिकामी होती, तिच्यावर प्लास्टिक तसंच होतं. घरचं वळण आलं तेव्हा त्या जरा उशिरा सावध झाल्या, वळण मागे गेलं, आणि मग पुढच्या वळणावरही त्या वळल्या नाहीत. रस्ता नदीच्या कडेने जात होता. कुणाला भाजी नव्हती आणायची, कुणाची बहीण वाटेत नव्हती, कुणाला काही शिकवायचं नव्हतं. मॅडम बराच वेळ तशाच जात राहिल्या.

जेवायची वेळ टळून गेल्यावर त्या घरी आल्या. यजमान ताट झाकून बसले होते.

"कुठे गेली होतीस?"

"फिरायला."

"कुठे?"

"असंच."

यजमानांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि बायकोकडे बघितलं. मग ताटावरचं झाकण काढलं.

हल्ली मॅडम दर आठवड्याला एकदा अशा एकट्या जातात. शिकवताना आवाज थोडा उतरलाय, असं विद्यार्थी म्हणतात, पण ते नवे विद्यार्थी. त्यांना आधीचा आवाज माहीत नाही. आणि पिवळ्या गाडीच्या मागच्या बाजूला, दिव्याच्या जरा खाली, एक लांब ओरखडा उमटलाय. डॉक्टरणीने तो फिरायला जाताना सर्वांत आधी हेरला, वाकून नीट तपासला आणि "कीड लागलीय" म्हणाली. काकूंनी खोदून खोदून विचारलं. मॅडमनी एवढंच सांगितलं की एक खांब फार अचानक आला.

नवीन शिकायला आलेले मात्र गाडीभोवती फेरी मारताना तो ओरखडा बघून दबकत विचारतात, "मॅडम, हे कुणी केलं?"

"मागची बॅच," मॅडम म्हणतात आणि शेजारचं दार उघडून बसतात. "चला, बसा. आज गर्दी शिकू."